बातिमा आपाची कोरफड

१

"आणि वर मलाच सांगतेस की मी सांगितलं?" मी म्हटलं.

"तुम्हीच सांगितलंत, आपा," बल्झान म्हणाली. बल्झान माझी सून; मोठ्या बाईला आमच्यात आपा म्हणतात. तिच्या हातात किटली होती आणि ओट्यावर माझी निळ्या काठाची वाटी होती, काठोकाठ भरलेली. दुधाचा चहा इतका वर आला होता की जरा धक्का लागता तर ओट्यावर सांडला असता. "काठोकाठ भर म्हणालात. मला ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून मी परत विचारलं. तुम्ही परत तेच म्हणालात."

आमच्यात वाटी काठोकाठ भरत नाहीत. अर्धी भरतात, मोठ्या माणसाला तर अर्ध्याहून कमी, म्हणजे ते माणूस बसून राहतं, वाटी पुन्हा पुन्हा पुढे येते आणि सून पुन्हा पुन्हा ओतते. ज्याच्यापुढे भरलेली वाटी येते त्याला कुणी काही बोलून दाखवत नाही. त्याने ती प्यायची आणि उठायचं. कारागंडासारख्या मोठ्या शहरात लहानाची मोठी झालेली, दुकानातला चहा पिणारी पोर असली तरी एवढं तिला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा मीच शिकवलं होतं.

"माझ्याच घरात मला ऊठ म्हणतेस," मी म्हटलं.

"मी काही म्हणत नाही. तुम्ही सांगितलंत, मी भरली. आता विसरलात."

"मी काही विसरले नाही."

"कुंडीत पाणी घातलेलंही तुम्ही विसरता, आपा. बाल्कनीचं दार उघडायला लावलेलंही विसरता. मग झिबेकला गॅसजवळ ठेवून विसराल. तेव्हा मी काय करू?"

झिबेक माझी नात, चार वर्षांची. हे भांडण वाटीचं नव्हतंच, तिचं होतं. बल्झानला बेकरीत परत कामावर घेणार होते. पोरीला दिवसभर माझ्याजवळ ठेवायचं की बल्झानच्या आईकडे दूर झेझकाझगानला पाठवायचं, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता. ती गेली असती तर मी त्या दोन खोल्यांत कुणासाठी उठले असते, ते मला माहीत नाही.

पण हे सगळं एका कुंडीतल्या ओल्या मातीपासून सुरू झालं. आधी ते सांगते.

२

आमच्या जिन्यावर, माझ्या समोरच्या दारात, बातिमा आपा राहायची. नव्वदी केव्हाच उलटलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. रोज दुपारी ती जिन्याच्या त्या बाजूने या बाजूला यायची. मी दार उघडायची आणि म्हणायची, "वर या, आपा, वर बसा." मग ती काठी टेकत आत जायची आणि दारापासून सगळ्यात लांब, भिंतीला लागून जी मानाची जागा असते तिथे, माझ्याच गादीवर, माझ्याच उशीला टेकून बसायची. मी खाली, दाराजवळ, चहाच्या समोवाराशी. मी स्वतः सत्तरी ओलांडलेली बाई. खाणीच्या दिवेघरात उभी हयात काढली, शेकडो पुरुषांच्या हातात रोज दिवे दिले आणि परत घेतले, एकाचा दुसऱ्याला दिला नाही. पण ती असेपर्यंत माझ्या घरात मी खालीच बसले. वय तिचं जास्त, त्याला इलाज नाही.

चहा प्यायची ती आवाज करून. लांब सुर्रकन ओढायची, मग वाटी खाली ठेवून सुस्कारा टाकायची, "दुनिये-आय..." पुरे झालं की वाटी पालथी घालायची. आणि पालथी घालायच्या आधी तळाशी उरलेला चहा, दूध, पत्ती, सगळं, हात लांबवून माझ्या खिडकीतल्या एखाद्या कुंडीत ओतायची.

यावरून आमची भांडणं व्हायची. माझ्या खिडकीत निवडुंग होते, पानफुटी होती, जाड पानांची कितीतरी झाडं होती. या झाडांना पाणी जपून द्यायचं असतं. ती पानांतच पाणी साठवून ठेवतात. लाडाने मारलेली झाडं मी जितकी पाहिली तितकी तहानेने मेलेली पाहिली नाहीत. आणि दूध घातलं तर माती आंबते, चिलटं होतात, मुळं सडतात. मी तिला हे कितीदा सांगितलं.

"माझ्या कोरफडीला मी हेच पाजते," ती म्हणायची.

आणि खरंच पाजायची. तिच्या खोलीत एका पत्र्याच्या बादलीत तिची कोरफड होती, झाडासारखी वाढणारी, खोड माझ्या मनगटाएवढं. खोकला झाला की सगळी इमारत तिच्याकडे पान मागायला यायची. ती कशी सडली नाही ते मला कधी कळलं नाही.

"तुमच्यामागून सडेल," मी चिडून म्हणायची.

"वाट बघू नकोस, ओरिन. तुझ्या घरचा चहा चांगला असतो. मी कुठे जात नाही."

वसंतात ती गेली. दुपारीच, बसल्या जागी, आपल्या घरात. वाटी नीट पालथी घातलेली होती असं म्हणतात.

एवढं आयुष्य जगलेलं माणूस गेलं की त्याची वस्तू घरोघर देतात, तिला तेबेरिक म्हणतात. ओढणीचा तुकडा, कवड्यांची माळ, काहीही. तिचं वय आपल्याला लाभावं म्हणून. गावाकडून तिची भाची आली होती, ती दारात येईल त्याला कापडाचे तुकडे देत होती. तेबेरिक मागत नाहीत, देतील ते घेतात. मी मागितलं. म्हटलं, मला कापड नको, कोरफडीचं एक पिल्लू दे, माझ्या नातीला आयुष्य लाभेल. भाचीने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि बादलीकडे बोट दाखवलं. मी माझ्याच चाकूने बुंध्याजवळचं एक पिल्लू मुळासकट काढलं.

दोन्ही हातांत ते धरून, खांद्याने दार ढकलून मी घरात शिरले. उंबऱ्यावर पाय पडला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून आपोआप निघालं, "वर या, आपा, वर बसा."

बल्झान तिथेच उभी होती. ती हसली. मीही हसले.

३

पिल्लू मी रीतीनेच लावलं. जखम सुकेपर्यंत कोरडं ठेवलं. मातीत निम्मी वाळू, तळाला चाळलेल्या कोळशाच्या राखेचे खडे, म्हणजे पाणी थांबत नाही. पूर्वेच्या खिडकीत कुंडी, पहिलं पाणी नवा कोंब दिसल्यावर. उन्हाळाभर ते छान वाढलं. शरदात शहराने नळांतून घरं तापवणारं गरम पाणी सोडलं, खिडकीखालचा रेडिएटर तापला, तेव्हा मी कट्ट्यावर फळी टाकली, मुळं भाजू नयेत म्हणून. आणि पाणी बंद केलं. हिवाळ्यात ही झाडं झोपतात, त्यांना उठवू नये.

दिवेघरात असताना मी एक सवय लावून घेतली होती, बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. म्हणून कुंडीत मी लाकडाची काडी खोचते. काडी कोरडी आली तर माती कोरडी, मातीचं अंग काय म्हणतं ते वरून कळत नाही. एका सकाळी मी बातिमा आपाच्या कोरफडीत काडी खोचली आणि ती ओली आली. तपकिरी ओली. नाकाशी धरली तर आंबलेल्या दुधाचा वास.

मी सरळ बल्झानला विचारलं. तिने हात लावला नाही म्हणाली. मी झिबेकला विचारलं, तिने मान हलवली. कट्टा तिच्या डोक्याहून उंच आहे. मग येर्सिन, माझा मुलगा, तो खाणीतली पाळी संपवून येतो तो जेवून झोपतो, त्याला घरात झाड आहे हेही आठवत नाही.

मी मनाला समजावलं की आपणच कधी वाटी ठेवताना सांडली असेल. माती बदलली. आठवडा गेला नाही तोच काडी परत ओली. मातीच्या वर चहाची पत्ती चिकटलेली.

आणखी एक गोष्ट. रोप उजेडाकडे झुकतं, सगळी झाडं झुकतात. म्हणून मी कुंड्या अधूनमधून फिरवते. ही कोरफड खिडकीकडे झुकत नव्हती. खिडकीकडे पाठ करून खोलीकडे वळत होती. मी फिरवली की काही दिवसांत परत खोलीकडे. पानं समोर पसरलेली, कुणीतरी हात पुढे करावेत तशी. खोलीच्या त्या बाजूला काय आहे, तर वरची जागा. माझी गादी, माझी उशी, त्यामागची भिंत.

मला आधी बरंच वाटलं, खोटं का बोलू. वाटलं, माझ्याकडे वळते. बातिमा आपा गेल्यापासून मी तिथे बसत होते. पण मी चार दिवस खालीच बसून पाहिलं, समोवाराजवळ. ती माझ्याकडे वळली नाही. ती त्या रिकाम्या गादीकडेच बघत राहिली.

४

इतकं दूध प्यालेली मुळं सडलेली असणार, असा माझा हिशोब होता. मी कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. हातात चाकू होता, स्पिरिटने पुसलेला, बाजूला कोळशाची पूड, कापलेल्या भागावर लावायला. खालच्या मजल्यावरची एम्मा, जर्मन बाई, जिची झाडं आजारी पडली की माझ्याकडे येतात, तीही बघायला आली होती. "वासच सांगतो," ती म्हणाली. "संपली."

मुळं पांढरी होती. जाड, टणक, भरलेली. एकही काळं टोक नाही. एम्माने बोटाने दाबून पाहिलं आणि बोट पटकन मागे घेतलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोमट आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली की रेडिएटरमुळे असेल.

कापण्यासारखं काही नव्हतं. तरी मी ठरवलं की झाडाला काही दिवस मातीशिवाय ठेवायचं. या झाडांना ते सोसतं, सुकली की आणखी कणखर होतात. कपाटाच्या माथ्यावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कोरफड आडवी ठेवली. तिथे हात पुरायला मला स्टूल लागतं. बल्झानचाही हात पुरत नाही. पोरीचा तर प्रश्नच नाही.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप कपाटाच्या वर आली तेव्हा मी स्टुलावर चढले.

कोरफड पडली तशीच होती. पण मुळांखालचा कागद ओला होता, अक्षरं फुगून पसरली होती. आणि कोरफडीच्या शेजारी, कोरड्या कागदावर, एक गोल डाग होता. कुणीतरी भरलेली वाटी टेकवून उचलली की तळाचा असतो तसा. तपकिरी, स्वच्छ, पूर्ण गोल. माझ्या निळ्या काठाच्या वाटीचा तळ त्यावर ठेवून पाहिला. बसला.

मी स्टुलावरच उभी राहिले. खाली बल्झान कणीक मळत होती, तिचा धपधप आवाज येत होता. तेव्हा पहिल्यांदा मी तो विचार केला, जो येर्सिन आणि बल्झान बहुधा आधीपासून करत होते. मीच ठेवत असेन. मीच स्टुलावर चढून, झाडाशेजारी वाटी ठेवून, उतरून, विसरून जात असेन. म्हाताऱ्या बायका विसरतात. माझी थोरली बहीण शेवटी स्वतःचं दार विसरली होती.

मी कागद बदलला. कुणाला सांगितलं नाही.

५

मग आवाज. दुपारी, सगळं शांत असताना, वरच्या जागेच्या बाजूने लांब सुर्रकन ओढल्यासारखा आवाज यायचा आणि मागे एक सुस्कारा. मला कारण माहीत होतं, आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. नळांत हवा अडकली की रेडिएटर गुरगुरतात. मी किल्ली घेऊन हवा सोडली. पाणी येईपर्यंत सोडली. आवाज खिडकीखालून यायला हवा होता. तो भिंतीकडून येत राहिला, तिकडे नळ जात नाही.

झिबेक चहा पिताना तसाच आवाज काढायला लागली. एवढीशी पोर, वाटी दोन्ही हातांनी धरून सुर्रकन ओढायची, खाली ठेवून म्हणायची, "दुनिये-आय..." मग वाटी पालथी. बल्झान हसायची. मलाही समजत होतं, पोरं नकला करतात, बातिमा आपा गेली तेव्हा ती काही तान्ही नव्हती, तिला आठवत असणार. पण एकदा मी वरच्या गादीवर बसायला गेले आणि पोरीने माझी बाही ओढली.

"आजे, तिथे नको बसू. खाली बस ना."

"का गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम वेड पांघरते आहे. स्वतःच जाऊन दाराजवळची छोटी गादी झटकली, माझ्यासाठी.

त्या दिवशी मी कोरफड परत कुंडीत लावली आणि कुंडी बाल्कनीत नेऊन ठेवली. आमची बाल्कनी काचा लावून बंद केलेली आहे, पण ऊब नाही. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल इतकी थंडी पडायला लागली होती. अशा थंडीत कोरफडीचं पान आधी काचेसारखं होतं, मग वितळून काळा चिखल. तेबेरिक टाकून देत नाहीत, ते मी टाकत नव्हते. थंडीने मेलं तर त्याला मी काय करणार. दार लावलं, फटींवर दरवर्षीसारख्या कागदाच्या पट्ट्या साबण लावून चिकटवल्या. आता ते दार वसंतातच उघडायचं होतं.

रोज मी काचेतून पाहायची. काचेवर बर्फाची नक्षी चढली, तिच्यात बोटाने भोक पाडून पाहायची. पहिल्या दिवशी कोरफड उभी होती. दुसऱ्या दिवशी उभी होती. कुंडीखालच्या बशीत बर्फ झाला होता. दुधाळ, पिवळसर. झाडाची सगळी पानं दाराच्या काचेला टेकली होती आणि तेवढ्या जागेवर बर्फ धरला नव्हता.

६

तिसऱ्या दिवशी मी एम्माकडून वर आले तर कुंडी घरात होती. बसक्या गोल टेबलावर, वरच्या जागेसमोर. बाल्कनीच्या दारावरच्या पट्ट्या सुरीने सरळ कापलेल्या.

मी बल्झानला विचारलं की हे कुणी केलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्हीच काढायला लावलंत, आपा, म्हणालात की पाहुणीला बाहेर थंडीत ठेवतात का.

मी सफाई देत नाही, आयुष्यात कुणाला दिली नाही.

त्या संध्याकाळी येर्सिन माझ्यासमोर बसला. अंघोळ करून आला होता, तरी पापण्यांत कोळसा होता, खाणीतल्या माणसाच्या पापण्यांत राहतोच. बराच वेळ भाकरीचे तुकडे करत राहिला, मग म्हणाला की मी डॉक्टरीणबाईशी बोललोय. बल्झान काय काय सांगते ते त्याने सांगितलं. की मी दुपारी भिंतीकडे तोंड करून बसते. की हाक मारली तरी मान वळवत नाही. की माझा आवाज बदलतो, जड होतो. की मी सुनेला परक्या बाईसारखी वागवते, "कुणाची गं तू?" विचारते.

तो आवाज यायला लागल्यापासून दुपारी मी खाली एम्माकडे असते. रोज. पानं पुसत, तिच्या मुलांच्या गोष्टी ऐकत. एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलले असते तर बरंच काही तिथेच उघड झालं असतं. पण मला वाटलं, सून रचून सांगते आहे, मुलगा मान डोलावतो आहे, आणि मी दोघांपुढे हजेरी द्यायची? मी म्हटलं, "ठीक आहे. जाते तुझ्या डॉक्टरीणबाईकडे. ती म्हणाली की डोकं शाबूत आहे, तर झिबेक माझ्याजवळ राहील. बोल."

"राहील, आई," येर्सिन म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोटांवर शाईचे डाग. तिने मला महिना विचारला, वार विचारला. घड्याळ काढायला लावलं. काही शब्द सांगितले, मध्ये भलत्याच गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत विचारले. मी सगळे सांगितले, तिने सांगितले त्याच क्रमाने. मग तिच्या टेबलावरच्या निवडुंगाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "याला पिठ्या ढेकूण लागलाय. कापसाला व्होडका लाव आणि काट्यांच्या बेचक्यांतून पूस. आणि पाणी थांबव, बाई, मारशील त्याला." ती हसली. म्हणाली, आजे, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, माझ्या डोक्यापेक्षा बरं आहे.

बसमध्ये मी ताठ बसले. थांब्याजवळच्या टपरीतून पाव घेतला. झिबेकला वरचा खरपूस तुकडा आवडतो.

७

दार मी माझ्या किल्लीने उघडलं. बाहेरच्या जागेत बूट काढले, कोट टांगला, चपला घातल्या, पाव घेतला. मोठ्या खोलीचं दार लावलेलं होतं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, बल्झान पाठमोरी भांडी विसळत होती, तिला मी आल्याचं कळलं नाही. मी पाव ओट्यावर ठेवला. ती वळली, मला पाहून जराही दचकली नाही, वाटी पुढे घेतली आणि किटलीतून चहा ओतायला लागली. अर्धी झाली. थांबली नाही. तिथून भांडण सुरू झालं, ते तुम्हाला माहीत आहे.

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं?" ती मध्येच म्हणाली. "ते तर सांगितलंच नाहीत. मघाशी विचारलं तर म्हणालात, कोण डॉक्टरीण?"

"मघाशी मला कुणी काही विचारलं नाही."

"आपा..."

"आपा-आपा करू नकोस. तुला मी इथून जायला हवी आहे, तर तसं बोल. वाटीआडून बोलू नकोस. पण पोरगी कुठे जाणार नाही. येर्सिनने शब्द दिलाय."

"येर्सिन दिवसभर जमिनीखाली असतो," ती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते. ती वाईट मुलगी नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. "मी असते घरात. मी बघते. आज पण बघितलं. दुपारपासून तुम्ही तिला घेऊन वर बसला आहात, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, आपा, पोरीला द्या, तिला जेवायचंय. तुम्ही दिली नाहीत. म्हणालात, झोपू दे, माझी आहे, मी मागून घेतलीय. आणि वाटी भर म्हणालात, काठोकाठ. म्हणालात, ती येईल आता, तिच्यासाठी."

"कोण ती?"

"मी विचारलं. तुम्ही सांगितलं नाहीत."

मला तिचा इतका राग आला होता की मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. तिने किटली परत उचलली तेव्हा मी तिचं मनगट धरलं, घट्ट. म्हटलं, बस कर आता, आणखी एक खोटा शब्द बोललीस तर या घरात दोघींपैकी एकच राहील.

ती तिच्या मनगटावरच्या माझ्या हाताकडे बघत होती. माझी बोटं बाहेरच्या थंडीने लाल झालेली होती, नखं निळी. तिने दुसऱ्या हाताने माझ्या केसांना हात लावला, कपाळावरच्या, रुमालाबाहेर राहिलेल्या बटांना. त्यांवरचं हिम वितळून तिच्या बोटांवर आलं. तिने ओट्यावरच्या पावाकडे पाहिलं. तो अजून गोठलेलाच होता, कागदावर पांढरं दव धरलेला.

मी तिच्या हातातून किटली घेऊन खाली ठेवली.

बंद दारापलीकडे, मोठ्या खोलीत, लांब सुर्रकन आवाज झाला. मग सुस्कारा. मग वाटी पालथी घालताना काठ लाकडावर टेकतो तसा, हलका, टक.

बल्झान दाराकडे बघत होती. तिने माझा हात सोडला नव्हता, उलट दोन्ही हातांत धरला होता. लग्न होऊन आली तेव्हा उंबऱ्यावर धरला होता तसा. मग ती हळू म्हणाली,

"आपा, तुम्ही जर आत्ता बाहेरून येताय, तर झिबेक कुणाच्या मांडीवर झोपलीय?"